चौथ्याचा खडा

१

मला जे आठवतं त्यावर माझा फारसा विश्वास नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. गेल्या वर्षी मुलीनं विचारलं, परदेशी निघालात तेव्हा अंगात कोणता कोट होता? मी तपकिरी म्हणालो. दोन दिवसांनी तिनं पुन्हा विचारलं, तर मी निळा म्हणालो, आणि दोन्ही वेळा मला खात्री होती. सप्टेंबर १९७४ एवढं मात्र पक्कं आहे, कारण पासपोर्टवर शिक्का आहे. बाकीच्याला पुरावा नाही. किंवा एक आहे, पण त्याचं शेवटी सांगतो.

मी संख्याशास्त्राचा माणूस. जवळजवळ तीस वर्षं मुलांना मोजायला शिकवलं. म्हणून या गोष्टीतली मोजणी मला अजून छळते.

आमचं गाव आष्ट्याजवळ. आई मी मॅट्रिकला असतानाच गेली. घरात आबा आणि मी. आबा म्हणजे माझे वडील, आकाराम थोरात. मी शिकायला मिरजेला, मग पुण्याला गेलो, तरी सुट्टीत घरी यायचो, त्यामुळं आबा तसे एकटे पडले नव्हते. आता मी तीन वर्षांसाठी इंग्लंडला चाललो होतो. विमानतळावर सोडायला आबा आणि चुलते लालासाहेब येणार होते. चुलत्यांना मी तात्या म्हणायचो. ते पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले आणि मुंबई पाहिलेले, म्हणून त्यांना संगं घेतलेलं.

निघताना धोंडुबाई आत्या उंबऱ्यात आडवी आली.

"तिघं चाललाय न्हवं? थांबा."

तिघांनी मिळून कामाला निघू नये, अशी आमच्याकडं समजूत. निघावंच लागलं तर खिशात एक खडा घ्यायचा, चौथा म्हणून. पोरगी बघायला जातानाही घेत. आत्या परड्यात गेली आणि लिंबाएवढा काळा खडा घेऊन आली. एका बाजूनं चपटा होता.

"आत्या, मी विमानानं चाललोय," मी म्हणालो.

"मग इमानात तीन चालत्यात व्हय?"

तात्या हसले. "आणा हिकडं. ह्येचं रेशन मी खातो."

आत्या हसली नाही. खडा तात्यांच्या हातात देताना म्हणाली, "मधीच कुटं टाकू नगा. चौथा म्हणून नेल्याला तो. माणसावाणी न्ह्यायचा आन माणसावाणी परत आणायचा."

जाताना चार आणि येताना किती, हा हिशोब तिनं केला नव्हता. मीही केला नाही. मी मनात सामानाची यादी करत होतो.

२

साताऱ्याच्या स्टँडवर गाडी वीस मिनिटं थांबली. इस्लामपूरपासून मला झोप लागली नव्हती. मान आखडली होती. तात्यांनी कॅन्टीनमध्ये बाकडं धरलं आणि ओरडून सांगितलं, "तीन च्या."

पोऱ्या नव्हता, मालकच कपबशा आणत होता. त्यानं चार ठेवल्या. तीन आमच्यापुढं आणि चौथी माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेपुढं.

"तीन सांगितलंवतं," तात्या म्हणाले.

मालकानं बाकड्याकडं पाहिलं. मग दाराकडं पाहिलं, कुणी नुकतं उठून गेल्यावर आपण पाहतो तसं. "गेलं व्हय त्ये? ऱ्हाऊ द्या मग," म्हणाला आणि कपबशी उचलायला लागला.

"ठेव रं. आलाय तर पिऊ दे," तात्या म्हणाले, आणि तो चहाही स्वतःच प्यायले. आबांना डोळा मारून म्हणाले, "गडी लय शाना हाय. एका शब्दानं बोलत न्हाई."

आबा आपली बशी तशीच धरून बसले होते. मी मनाशी म्हणालो, स्टँडवर गर्दी असते, बाकड्याच्या टोकाला कुणी टेकला असेल, मालकाची नजर त्याच्यावर गेली असेल. हे कारण पुरेसं होतं. आजही पुरेसं वाटतं. पण गाडीत परत चढलो तेव्हा तिघांच्या सीटवर आम्ही तिघं होतो आणि मला बसायला जागा अपुरी पडत होती. खिडकीच्या पत्र्याला खांदा घासून पुण्यापर्यंत कातडी सोलवटली. जाडजूड आमच्यात कुणीच नव्हतं.

रात्री लालबागला गावच्याच एका गिरणी कामगाराच्या खोलीवर टेकलो. तिथं काही झालं नाही. झालं असेल तर मला आठवत नाही. मी मेल्यासारखा झोपलो होतो.

३

विमान दुपारी अडीचचं होतं. आम्ही सांताक्रूझला साडेदहालाच पोचलो. आबांना गाडी चुकायची भीती, मग ती कुठलीही असो.

बाहेर ऊन रणरणत होतं. माणसं हार घेऊन उभी होती. एका कुटुंबानं सतरंजी अंथरून डबे सोडले होते. मला सगळ्याचा कंटाळा आला होता: गर्दीचा, घामाचा, त्या नव्या कोटाचा. अंगात घातला नाही तर सामानाचं वजन वाढेल म्हणून तो मी घालून बसलो होतो. बॅग वीस किलोच्या वर जाऊ नये अशी ताकीद होती. लालबागच्या वाण्याकडं तिचं वजन वीस किलो चारशे ग्रॅम भरलं होतं.

दारावर एक शिपाई उभा होता. मराठीच माणूस, आमच्या बोलण्यावरून त्यानं गाव ओळखलं असावं.

"तिकीट कुणाचं?"

"माझं," मी म्हणालो.

"तुमी एकटं आत जायाचं. बाकी तिघांनी वरच्या गॅलरीत. तिथनं इमान दिसतंय. तिकीट काढावं लागंल."

"बाकी दोघं," मी म्हणालो.

तो माझ्या खांद्यावरून मागं बघत होता. त्यानं वाद घातला नाही. "दोघं तर दोघं," म्हणाला आणि पुढच्या माणसाकडं वळला.

मी वळून पाहिलं. तात्या घाम पुसत होते. आबा बॅगेवर हात ठेवून उभे होते. त्यांच्यामागं भिंत होती.

४

भिंतीच्या सावलीत आम्ही भाकरी खाल्ली. आबांची एक खादीची पिशवी होती, शेतात न्यायची, तिच्यात भाकऱ्या, चटणी आणि तांब्या. खाणं झाल्यावर आबा तात्यांना म्हणाले, "लाला, त्यो खडा दे."

तात्यांनी दिला. आबांनी तो माझ्यापुढं धरला.

"ह्यो तू ने."

"मी कशाला? आत्यानं परत आणायला सांगितलंय."

"तिला काय कळतंय. हितनं आमी दोघं जाणार. ह्यो संगं आला की तीन झालं. तिघं कसं जाणार? तू एकटा हाईस. तुज्यासंगं ह्यो, म्हंजी दोन. आमी दोन. कुणी एकटं न्हाई आन कुणी तीन न्हाई."

हिशोब बरोबर होता. मी आजही तो खोडू शकत नाही.

"मग इथंच ठेवू भिंतीकडंला."

"टाकायचा न्हाई त्येला," आबा म्हणाले. "कुणाच्यातरी संगं ऱ्हायला पायजे त्यो."

तात्या आता चेष्टा करत नव्हते. त्यांनी फक्त एवढंच म्हटलं, "घे रं अर्जुना. एवढुसा खडा. बापाचं ऐकावं."

मी घेतला आणि कोटाच्या खिशात टाकला. दुपारच्या उन्हातही तो थंड होता. तात्यांच्या खिशात दीड दिवस राहिलेला दगड थंड कसा, असा प्रश्न पडला, पण तो मी धरून ठेवला नाही.

मग आबांनी विचारलं, "तीन वरसं म्हंजी तीनच न्हवं?"

"तीनच."

"न्हाई, घरात मी एकटाच आता. म्हणून इचारलं."

त्यांनी हे साधेपणानं, पाऊसपाणी विचारावं तसं म्हटलं. मी म्हणालो, दर महिन्याला पत्र टाकीन.

आता जे सांगतो ते मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आत कस्टमचे लोक खिसे उलटे करायला लावतात असं मला कुणीतरी सांगितलं होतं. खिशातून हा खडा निघाला, हे काय म्हणून कुणी इंग्रजीत विचारलं, तर मी काय सांगणार होतो? सव्वीस वर्षांचा, एम.एस्सी. झालेला माणूस, हा चौथा म्हणून घेतलाय? नमस्काराला वाकलो तेव्हा आबांची पिशवी त्यांच्या पायाशीच उघडी होती. मी एका हातानं पाय धरले आणि दुसऱ्या हातानं खडा पिशवीत, भाकरीच्या फडक्याखाली सरकवला.

आबांनी पाठीवर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. त्यांना कळलं की नाही, हे मला अजून माहीत नाही.

५

आत सगळं थंड आणि गुळगुळीत होतं. बॅग काट्यावर ठेवली. बरोबर वीस किलो. चारशे ग्रॅम कुठं गेले? वाण्याचा काटा खोटा असेल. देवीच्या लशीचं पिवळं पुस्तक दाखवलं, फॉर्म भरला, शिक्का मारून घेतला. कस्टमवाल्यानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. खिसे उलटे करायला कुणी लावले नाहीत.

मग दोन तास एका मोठ्या खोलीत बसून राहिलो. रांगेनं खुर्च्या होत्या, काचेपलीकडं विमान उभं होतं. इतका थकवा मला आधी कधी आला नव्हता आणि नंतरही नाही. भूक नाही, झोप नाही. एक वेटर ट्रेमध्ये सरबताचे ग्लास घेऊन रांगेनं देत आला. माझ्या डाव्या बाजूच्या बाईंना दिला, माझ्या उजव्या बाजूच्या सरदारजींना दिला. मी हात पुढं केला होता. तो परत आला नाही.

त्यात काय एवढं, विसरला असेल.

दोन वाजता विमान कंपनीची एक मुलगी यादी घेऊन आली आणि माणसं मोजू लागली. मोजण्याकडं माझं आपोआप लक्ष जातं. मीही मनात मोजत होतो. एकशे बारा. ती माझ्या रांगेत आली, पेन्सिलीनं हवेत एकेक टिंब देत सरदारजींवरून बाईंवर गेली. शेवटी म्हणाली, एकशे अकरा. पुन्हा मोजलं. पुन्हा एकशे अकरा. मग कर्ण्यावरून माझं नाव पुकारलं.

मी उठून तिच्यापुढं उभा राहिलो. म्हणालो, मीच तो. ती यादीत बघत राहिली. कर्ण्यावरून नाव पुन्हा आलं. मी जरा मोठ्यानं म्हणालो. तेव्हा तिनं मान वर केली आणि दचकली.

"सॉरी," ती म्हणाली, "तुम्ही कधी आलात?"

"दोन तास इथंच आहे."

तिनं टिंब दिलं. पण ते देण्याआधी तिनं माझ्या बाहीला बोटानं हलकेच शिवून पाहिलं. कदाचित गर्दीत धक्का लागला असेल. मला आठवतं ते असं आहे.

६

विमानापर्यंत चालत जायचं होतं. डांबर मऊ झालं होतं, बूट चिकटत होते. शिडीवर चढताना मी मागं वळलो.

गॅलरी बरीच लांब होती. कठड्याला पन्नास-साठ माणसं असतील. आबांचा पांढरा फेटा लगेच सापडला. त्यांच्या एका बाजूला, दोन पावलं सोडून, तात्या होते. दोन्ही हात वर करून हलवत होते, पलटणीत निशाणं दाखवतात तसे.

आबांच्या दुसऱ्या बाजूला एक जण उभा होता.

माझ्या उंचीचा. अंगात कोट. सप्टेंबरच्या त्या उन्हात गॅलरीत दुसऱ्या कुणाच्याही अंगात कोट नव्हता. तो हात हलवत नव्हता. त्याच्या खांद्यावर आबांचा हात होता.

चेहरा मला दिसला नाही. चष्म्यावर ऊन आलं होतं. चष्मा काढला असता तर मला काहीच दिसलं नसतं. मी हात वर केला, हलवला, मोठ्यानं आबा म्हणून हाकही मारली असेल, त्या इंजिनांच्या आवाजात. तात्यांनी जोरजोरात हात हलवले.

आबा विमानाकडं बघतच नव्हते. ते त्या माणसाकडं बघत होते, मान जराशी कलती करून. मी सुट्टीला यायचो तेव्हा एस.टी.तून उतरल्याबरोबर माझ्याकडं बघायचे तसे.

मागच्या माणसानं म्हटलं, चला, चला. मी आत गेलो.

७

इंग्लंडला महिन्याला एक पत्र यायचं. आबांना लिहिता येत नव्हतं, ते सांगायचे आणि तात्या लिहायचे. ऊस तुटला. विहिरीला पाणी बरं आहे. म्हैस व्यायली. प्रत्येक पत्राच्या शेवटी एकच ओळ: घरी आम्ही दोघं बरे आहोत, काळजी नसावी. दोघं म्हणजे आबा आणि तात्या, असं मी धरून चाललो. तात्यांचं घर वेगळं होतं, गल्ली वेगळी होती. पण माणूस असं लिहितो.

एकाही पत्रात, तू कधी येणार, असं नव्हतं. पहिल्या वर्षी मला त्याचं बरं वाटलं. दुसऱ्या वर्षी मी स्वतःहून लिहिलं की अजून दीड वर्ष आहे, धीर धरा. त्याच्या उत्तरात उसाच्या लागणीचा मजकूर होता.

मार्च शहात्तरमध्ये तार आली. आबा गेले. तार पाच दिवस उशिरा माझ्या हाती पडली. तेव्हा माझी परीक्षा चालू होती आणि विमानाच्या तिकिटाला पैसे नव्हते. ही दोन्ही कारणं खरी आहेत. मी गेलो नाही. एकुलता एक मुलगा मी. पत्र लिहून तात्यांना विचारलं, अग्नी कुणी दिला? दहावं कुणी केलं?

उत्तर आलं: सगळं रीतीप्रमाणं झालं. तू मनाला लावून घेऊ नकोस.

८

तीन वर्षांची पाच झाली. एकोणऐंशीत परत आलो. पासपोर्टवर मधल्या पाच वर्षांत दुसरा कुठला शिक्का नाही. हे मी अनेकदा तपासून पाहिलं आहे.

गावात कुणाला माझं नवल वाटलं नाही. पारावर बसलेल्या हरिबानं, लहानपणापासून ओळखतो तो मला, नुसती मान हलवली आणि विचारलं, "आज रानात न्हाई गेलास व्हय?" मी म्हणालो, अरे, मी आजच आलोय. तो म्हणाला, "व्हय व्हय," आणि तंबाखू मळत राहिला. म्हातारा झाला असेल, असं म्हणावं तर तो माझ्याच वयाचा.

आत्या वारली होती. घर झाडलेलं होतं. चुलीपाशी दोन पाट भिंतीला टेकवून ठेवले होते. खुंटीला आबांची खादीची पिशवी होती. मी ती उलटी करून झटकली. भाकरीचा चुरा पडला. दुसरं काही नव्हतं.

संध्याकाळी तात्यांकडं गेलो. त्यांनी चहा केला. मी विचारायचं नाही असं ठरवून गेलो होतो, आणि विचारलं.

"तात्या, त्या दिवशी गॅलरीत तुमच्याबरोबर कोण होतं?"

"कोण म्हंजी? मी आन तुजा बा."

"आणखी?"

ते चहा ओतत होते. ओतायचे थांबले.

"तिकिटं म्यांच काढली," ते म्हणाले. "खिडकीवरचा म्हनला, तीन. म्यां तीन दिली. तुजा बा काय बोलला न्हाई, मग मी बी बोललो न्हाई."

"आणि परत येताना?"

"त्येला बरं हुतं रं," तात्या म्हणाले. "दीड वरीस तुजा बा लय बरा हुता. तेवडं धर. च्या निवतुया."

मी कपबशांकडं पाहिलं. तात्यांनी तीन कपबशा मांडल्या होत्या. मग त्यांनाच ते दिसलं. त्यांनी तिसरी उचलून फडताळात ठेवली आणि माझ्याकडं पाहिलं नाही. मी त्यानंतर त्यांना काही विचारलं नाही. दोन वर्षांनी तेही गेले.

मी सांगलीला कॉलेजात लागलो आणि गावी फारसा गेलो नाही. लोक म्हणायचे, शिकला आणि गावाला विसरला. मी बोलू द्यायचो.

९

यातलं बरंचसं नसेलच, असं मी वर्षानुवर्षं मनाला समजावत आलो. थकलेला माणूस, ऊन, चष्मा. हरिबाचा विसरभोळेपणा. आणि मी जे केलं त्याची टोचणी, जिला मोजमाप नाही. खडा पिशवीतून वाटेत कुठंतरी पडला असेल. आबांना गावात कुणाचीतरी सोबत मिळाली असेल, एखादा गडी, दूरच्या नात्यातला कुणी. मला ते चांगलंच वाटायला हवं होतं.

निवृत्तीनंतर जमिनीची वारसनोंद लावायची राहिली होती. तिला आबांच्या मृत्यूचा दाखला लागत होता. ग्रामपंचायतीत गेलो. ग्रामसेवक तरुण होता, त्यानं अडगळीतून शहात्तर सालची नोंदवही काढून धूळ झटकली आणि पान उघडून माझ्यापुढं सरकवली.

"तुमीच खबर दिल्याली दिसती, सर," तो म्हणाला. "मग सोपं हाय."

आकाराम थोरात, वय चौसष्ट, ११ मार्च १९७६. खबर देणाऱ्याचं नातं: मुलगा. त्यापुढं अर्जुन आकाराम थोरात अशी सही आहे. मी खिशातलं पेन काढून कोऱ्या कागदावर सही केली आणि शेजारी धरली. ग्रामसेवकानं दोन्ही पाहिल्या आणि विचारलं, सर, एकाच माणसाची सही आहे, तुम्ही काय बघताय?